आपल्याच वाचनालयाबद्दल आपणच लिहावं का?

पत्र थोडक्यात: नागपूरच्या महाल भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात बावीस वर्षं काम करणाऱ्या, सध्या मानद सहसचिव असलेल्या एका ताईंचं पत्र आलंय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) वाचनालय १९५१ चं, अमृतमहोत्सव सुरू आहे. कार्यकारिणीने ठरवलं की मराठी विकिपीडियावर संस्थेचं पान पाहिजे, आणि काम ताईंकडे आलं. त्यांनी तीन आठवडे रात्री बसून लेख लिहिला. टाकल्यावर दोन दिवसांत कोणा अनोळखी सदस्याने वर ‘पान काढा’चा साचा (पान काढून टाकावं असं सुचवणारी तयार चौकट) लावला आणि कारण दिलं की मजकूर जाहिरातीसारखा आहे, स्वतंत्र संदर्भ नाहीत, लिहिणाऱ्याचा संस्थेशी संबंध दिसतो. अध्यक्ष म्हणताहेत की भाच्याच्या नावाने दुसरं खातं उघडा आणि परत टाका. त्यातच १९८८ साली संस्थेत फूट पडली होती, प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे बरीच वर्षं चाललं, ते लेखात घ्यायचं की नाही यावरून घरात आणि संस्थेत दोन्हीकडे वाद सुरू आहे. ताई लिहितात, “मी एक शब्द खोटा लिहिला नाही. ज्याला माहीत आहे त्यानेच लिहायचं नाही, तर मग लिहायचं कोणी?”

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेला लेखही पूर्ण वाचला. आधी हे सांगते की तीन आठवडे जागून लिहिलेल्या गोष्टीवर कोणीतरी दोन ओळीत शेरा मारून जातो तेव्हा कसं लागतं ते मला कळतं. तुम्ही लिहिलंय की त्या रात्री जेवण गेलं नाही. बावीस वर्षं एखाद्या जागेला दिली की तिच्यावरचा शेरा आपल्यावरच येतो. त्यामुळे वाईट वाटलं यात तुमचं काही चुकलेलं नाही.

पण तुमचा जो प्रश्न आहे ना, ज्याला माहीत आहे त्याने लिहायचं नाही तर कोणी, त्यात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीये. की माहीत असणं आणि तटस्थ लिहिता येणं हे एकच काम आहे. माझ्या मते ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बरेचदा दोन वेगळ्या माणसांची आहेत.

तुमच्याच लेखातली पहिली ओळ घ्या. “विदर्भातील वाचनसंस्कृतीचा मानबिंदू असलेल्या या नामवंत वाचनालयाने गेली पाऊणशे वर्षे ज्ञानदानाचा वसा अखंडपणे जपला आहे.” यात खोटं काय आहे? काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. आता पेन्सिल घेऊन यातला प्रत्येक शब्द विचारा, हे कोणी म्हटलं? मानबिंदू कोणी म्हटलं? आपण. नामवंत? आपणच. अखंडपणे? तुमच्याच पत्रात आहे की फुटीच्या वेळी वाचनालय सात महिने कुलूपबंद होतं. मग उरतं काय, तर “हे नागपूरच्या महाल भागातलं सार्वजनिक वाचनालय असून १९५१ मध्ये सुरू झालं.” एवढंच. आणि ताई, ही उरलेली ओळ अनोळखी माणसाला जास्त विश्वासाची वाटते. त्याला मानबिंदू सांगायची गरज नाही, पुढे जर लिहिलेलं असेल की शासनाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालय पुरस्कार अमुक साली मिळाला आणि त्याला बातमीचा संदर्भ असेल, तर तो स्वतःच समजून घेतो.

तुमच्या लेखात दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे जे मला फार आवडलं. “पहिल्या दाखल नोंदवहीत पहिल्या दिवशी ४१ पुस्तकं चढवली आहेत, त्यातली १९ एकाच शिक्षकाने दिलेली, आणि प्रत्येकापुढे किंमत लिहायच्या रकान्यात ‘भेट’ असं निळ्या शाईत लिहिलंय.” एकही विशेषण नाही, आणि वाचताना ते टेबल, ती वही डोळ्यापुढे येते. तुम्हाला तटस्थ लिहिता येत नाही असं कोणी म्हणालं तर मी हे वाक्य दाखवीन. बरेच जणांना वाटतं तटस्थ म्हणजे कोरडं, म्हणजे प्रेम काढून टाकायचं. मला तसं वाटत नाही. त्या वाक्यात प्रेम आहेच, ते फक्त बघण्यात गेलंय.

मात्र हेच वाक्य विकिपीडियावर चालणार नाही, कारण ती नोंदवही तुमच्या कपाटात आहे आणि ती बघून कोणी बाहेरच्याने अजून काही छापलेलं नाही. इथेच खरी अडचण आहे आणि ती समजून घेतली की त्या साच्याचा राग कमी होईल. विकिपीडियाला तुमच्या खरेपणावर शंका नाहीये. ज्ञानकोशाचा नियम असा की संस्थेबद्दल संस्थेबाहेरच्या लोकांनी, विश्वास ठेवावा अशा ठिकाणी, जरा सविस्तर काही लिहिलेलं पाहिजे, आणि तेही एकाहून जास्त ठिकाणी. याला तिथे उल्लेखनीयता म्हणतात. तुम्ही दिलेले संदर्भ मी मोजले, अकरा आहेत. त्यातल्या चार तुमच्याच स्मरणिका, दोन वार्षिक अहवाल, एक निमंत्रणपत्रिका, आणि चार बातम्या. त्या चारपैकी तीन तुमच्याच प्रेसनोट आहेत, तुम्हीच लिहून पाठवल्या आणि पेपरने जशाच्या तशा छापल्या, हे तुम्ही पत्रात मोकळेपणाने सांगितलंय. म्हणजे बाहेरचा माणूस स्वतः येऊन बघून लिहून गेला असा संदर्भ एकच. साचा लावणाऱ्याने हेच बघितलं. तो तुम्हाला ओळखत नाही, त्याचं तुमच्याशी वैर असायचं कारणच नाही.

आता भाच्याचं खातं. ताई, हे अजिबात करू नका, आणि अध्यक्षांनाही माझ्या नावाने सांगा. तिथे प्रत्येक पानाला ‘इतिहास पहा’ असतं, कोणी कधी काय बदललं ते सगळं तिथे राहतं. तुमचं खातं थांबल्यावर दोन दिवसांनी नवीन खातं येतं आणि तोच मजकूर तेच शब्द घेऊन टाकतं, हे कोणालाही दिसतं. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर अशी एकमेकांशी जोडलेली ३८१ खाती एकदम बंद केली होती. तो प्रकार वाईट होता, पैसे घेऊन लेख टाकायचे आणि पान टिकवून ठेवायला परत पैसे मागायचे. तुमचा भाचा तसा नाही हे मला माहीत आहे, पण बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. आज पानावर शेरा संदर्भांचा आहे, उद्या तो लबाडीचा होईल, आणि पाऊणशे वर्षांच्या संस्थेच्या नावापुढे तो शब्द मला नको आहे. (दुसऱ्या संस्थांसाठीही सांगते, ‘इतके हजार द्या, पान बनवून देतो, निघणार नाही याची गॅरंटी’ असा फोन आला तर ठेवून द्या. तिथे अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही.)

‘मानद’ या शब्दावर तुम्ही बराच भर दिलाय, की मी तर एक पैसा घेत नाही, मग माझा कसला हितसंबंध. पैशाचा नियम वेगळा आहे आणि कडक आहे. २०१४ पासून विकिपीडियाच्या वापराच्या अटींमध्येच आहे की ज्याला लिहिण्याचे पैसे मिळतात त्याने कोण पैसे देतं ते उघड सांगायलाच पाहिजे. नोकरीचा भाग म्हणून लिहिणारेही त्यात आले. म्हणजे तुमचे पगारी ग्रंथपाल कामाचा भाग म्हणून लिहायला बसले तर त्यांना हे लागू होईल. तुम्हाला तेवढं लागू नाही. पण जवळीक पैशानेच येते असं थोडंच आहे? खरं सांगायचं तर पगारी माणूस सहा वाजता घरी जातो, आणि मानद सचिव उन्हाळ्यात वाचनकक्षातला कूलर बंद पडला म्हणून रात्री अकराला मेकॅनिक शोधत फिरते. जास्त गुंतलेलं कोण? आणि हे फक्त प्रेमाला लागू नाही. १९८८ मध्ये जे बाहेर पडले त्यांच्यापैकी कोणी लेख लिहायला बसलं तर त्यांचाही हितसंबंध तेवढाच. आपल्या संस्थेवर रागावून बाहेर पडलेल्या, आता ‘सत्य बाहेर आणतो’ म्हणून लिहायला घेणाऱ्या वाचकांनीही हे लक्षात ठेवा.

मोठ्यांनाही हे सुटलेलं नाही. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच्या चरित्राच्या लेखात स्वतःच बदल केले, २००५ मध्ये ते उघड झालं, आणि असं करायला नको होतं हे त्यांनी मान्य केलं. नियम ज्यांच्या घरचे त्यांचाही हात स्वतःच्या नावावर गेलाच.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. आमच्या वस्तीतल्या एका नाट्यमंडळाच्या स्मरणिकेत इतिहास मी लिहिला होता. सगळ्यांना आवडला, टाळ्या झाल्या. कार्यक्रम संपल्यावर एक सत्तरी पार केलेल्या काकू माझ्याजवळ आल्या, हातात स्मरणिका होती, बोट मध्ये ठेवलेलं. म्हणाल्या, “बाई, छान लिहिलं. पंधरा वर्षं तिकिटांचा हिशोब मी ठेवत होते. माझं नाव कोणत्या पानावर आहे ते सापडत नाहीये.” नव्हतंच. मी अध्यक्षांची नावं, दिग्दर्शकांची नावं, पाहुण्यांची नावं सगळी घेतली होती, कारण मला माहिती त्यांनीच दिली होती. मी कोणाला वाढवून लिहिलं नव्हतं, मला वाटत होतं मी अगदी सरळ लिहिलंय. पण आतून लिहिताना आपल्याला जे दिसत नाही ते दिसत नाहीये हेच कळत नाही. काकूंचं बोट त्या पानात तसंच होतं आणि मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून मी आपल्या माणसांबद्दल लिहिलेलं काहीही बाहेरच्या कोणाला दाखवल्याशिवाय छापू देत नाही.

म्हणून माझं मत असं आहे ताई, की तुमचं काम लेख लिहिण्याचं नाहीच. कोणीतरी दुसरा तो लेख लिहू शकेल असं सगळं काढून, लावून ठेवायचं, हे तुमचं काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही.

म्हणजे नेमकं काय करायचं? पहिलं म्हणजे तुमच्या सदस्य पानावर आणि लेखाच्या चर्चा पानावर साध्या शब्दात लिहून टाका: “मी या वाचनालयाची मानद सहसचिव आहे. मूळ लेख मीच लिहिला होता. यापुढे मी लेखात थेट बदल करणार नाही. माहिती आणि संदर्भ इथे देत राहीन, इतर सदस्यांनी तपासून योग्य वाटेल ते घ्यावं.” बस. एवढं लिहिलं की तुमच्याशी बोलण्याची पद्धत बदलते, समोरच्याला तुम्हाला पकडायचं काही उरत नाही. मग ज्यांनी साचा लावला त्यांनाच विचारा की कोणते संदर्भ चालतील. वाद घालू नका, विचारा. उत्तर नाही आलं तर चावडीवर, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारा. आणि तुमचा मजकूर वाया जात नाही, तो धूळपाटीवर, म्हणजे कच्चं लिहून बघायच्या पानावर, ठेवून त्यावर काम होऊ शकतं.

लेखातला एखादा सन चुकला असेल, पत्ता जुना असेल, तर असल्या गोष्टी चर्चा पानावर सांगितल्या की कोणीही दुरुस्त करून देतं, त्यात कोणाला अडचण नसते. मत आलं, तुलना आली, ‘पहिलं’, ‘एकमेव’, ‘सर्वात मोठं’ आलं, की हात मागे घ्यायचा. आणि दुसऱ्याने तुम्हाला न आवडणारं पण संदर्भासकट काही लिहिलं तर ते काढायचं नाही. हे सगळ्यात अवघड जातं, आधीच सांगून ठेवते.

दुसरं काम जास्त वेळ घेणारं आहे आणि मला वाटतं तुम्हाला आवडेल. बाहेरच्यांनी लिहिलेलं शोधायचं. नागपुरात आहात, ही मोठी सोय आहे. हितवाद १९११ पासून इथून निघतोय, तरुण भारत आहे, १९७१ पासून लोकमत आहे, जुन्या फायली बघायला परवानगी काढून चार दुपारी बसा. तुमची स्थापना, रौप्यमहोत्सव, इमारतीचं उद्घाटन, फूट, या तारखा तुम्हाला पाठ आहेत, त्या आठवड्याचे अंक काढायचे. नागपूर जिल्हा गॅझेटियरची १९६६ ची आवृत्ती बघा, वाचनालयाबद्दल एखादी ओळ असली तरी ती सरकारी ग्रंथातली ओळ आहे. शोधगंगा नावाच्या साइटवर देशभरच्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध आहेत, ग्रंथालयशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने विदर्भातल्या सार्वजनिक ग्रंथालयांवर काम केलं असेल तर त्यात तुमचं नाव असू शकतं. साहित्यिकांच्या आत्मचरित्रात तुमच्या वाचनकक्षात बसून वाचल्याच्या आठवणी असतील, त्या बघा. आणि सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचं अंकाचं नाव, तारीख, पान क्रमांक, आणि मोबाईलवर काढलेला फोटो. कौतुकाचं सापडलं तेच नाही, टीकेचं सापडलं तेही त्याच फोल्डरमध्ये.

हे करूनही फार काही सापडलं नाही तर? तसं होऊ शकतं. मग आज तरी ज्ञानकोशात स्वतंत्र पान होत नाही, इतकंच म्हणायचं. महाल भागावरच्या लेखात संदर्भासकट एक ओळ येऊ शकेल का ते विचारा. पान नसलं म्हणून संस्था लहान होत नाही ताई. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, तुमचं वाचनालय त्याच्या सोळा वर्षं आधीचं. रोज सकाळी पेपर वाचायला येणारे साठ-सत्तर लोक आणि स्पर्धा परीक्षेची पोरं कोणी विकिपीडिया बघून येत नाहीत.

आता फुटीबद्दल. तुमच्या घरात यजमान म्हणतात लिहा, अध्यक्ष म्हणतात घरातलं चव्हाट्यावर कशाला. ज्ञानकोशापुरता याचा निकाल सोपा आहे. त्या काळात पेपरांनी ते छापलं असेल तर ते लेखात येणार, आणि छापलं होतं त्या प्रमाणातच येणार, म्हणजे पाऊणशे वर्षांच्या लेखात दोन-तीन वाक्यं, कोण बरोबर कोण चूक हे न ठरवता. “१९८८ मध्ये कार्यकारिणीच्या निवडणुकीवरून वाद झाला, प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे गेलं, या काळात वाचनालय काही महिने बंद होतं.” एवढं. कुठेच छापलं नसेल तर ज्ञानकोशात येणार नाही, तुमच्या बाजूनेही नाही आणि त्यांच्या बाजूनेही नाही. सभेचं इतिवृत्त, चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याचा धर्मादाय कार्यालयात दिलेला अहवाल), आदेशाची प्रत, ही कागदपत्रं तारीख सांगायला कामाची, पण त्यातून अर्थ काढून ‘म्हणून आमची बाजू खरी होती’ असं आपण लिहायचं नाही.

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेचा निकाल मात्र माझ्या मते उलट आहे, तिथे ते आलंच पाहिजे. तुमच्या वाचकांपैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना सगळं माहीत आहे. त्यांनी इतिहास उघडला आणि १९८७ नंतर एकदम १९९९ आलं, तर ते बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवणार नाहीत. बाहेर पडलेल्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडे जा. तुम्ही लिहिलंय की त्यातले एक काका सक्करदऱ्याला राहतात आणि अजून बाजारात भेटले की ‘वाचनालय कसं आहे’ विचारतात. त्यांना एक पान द्या, त्यांच्या नावाने, त्यांच्या शब्दात. मजकूर अध्यक्षांनी कापायचा नाही ही अट आधीच मंजूर करून घ्या.

आणि स्मरणिका ही तुमची जागा आहे. ज्ञानकोशात जे टाकता येत नाही ते सगळं इथे लिहा, निळ्या शाईतलं ‘भेट’, कूलर, कुलूप, सगळं. फक्त वर तुमचं नाव आणि संस्थेशी नातं लिहायचं. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर माहीत असतीलच, त्यांचं ज्ञानकोश मंडळ १९१६ मध्ये आपल्या नागपुरातच सुरू झालं आणि पुढे पुण्याहून २३ खंड निघाले. त्या मंडळाचा इतिहास केतकरांनी स्वतः लिहिला. त्याचं नाव काय ठेवलं, तर ‘माझे बारा वर्षांचे काम’, आणि ‘ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’ हे त्याच्या पुढे. ‘माझे’ हा शब्द पहिला. वाचणाऱ्याला मुखपृष्ठावरच कळतं की बोलणारा कोण आहे, मग पुढचं तो त्या हिशोबाने वाचतो. खंडांमध्ये लिहायचं ते वेगळं आणि हे वेगळं, हा फरक ज्ञानकोश करणाऱ्या माणसाला चांगला कळत होता.

अशीच अडचण असलेल्या दुसऱ्यांचीही पत्रं माझ्याकडे आहेत, एका कॉलेजच्या प्राध्यापकांना प्राचार्यांनी कॉलेजचं पान ‘सुधारायला’ सांगितलंय, एका स्वयंसेवी संस्थेतल्या मुलीला फंडिंगच्या अर्जासाठी पान पाहिजे आहे. तुम्हा दोघांनाही तेच, पण एक जास्तीचं. तुम्ही पगारी आहात, तेव्हा वरून आदेश आला की वापराच्या अटींचा तो नियम छापून साहेबांच्या टेबलावर ठेवा. ‘मला जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘असं केलं तर संस्थेचं नाव खराब होईल’ हे त्यांना लवकर पटतं.

ताई, एक गोष्ट मात्र तुम्ही आजही बिनधास्त देऊ शकता, फोटो. इमारतीचे, वाचनकक्षाचे, सकाळच्या गर्दीचे, तुम्ही स्वतः काढलेले, विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात ती साइट) मोकळ्या परवान्याने, म्हणजे कोणालाही वापरता येतील असे, टाका, वाचणाऱ्यांचे चेहरे येत असतील तर त्यांना विचारून. स्मरणिकेतले जुने फोटो मात्र उचलू नका, ते ज्याने काढले त्याचा हक्क आहे. मजकुराचंही तसंच, स्मरणिकेतला दुसऱ्याचा लेख जसाच्या तसा चिकटवायचा नाही.

आणि ती पहिली दाखल नोंदवही पावसाळ्याच्या आत स्कॅन करून घ्या. तुम्ही लिहिलंय की कपाटाच्या खालच्या फळीला वाळवी दिसली. वही वरच्या फळीवर आजच हलवा, बाकीचं सगळं नंतर.